मदत हवी आहे: किल्लारी भूकंपातून वाचलेल्या आईसाठी ईएमडीआर

नमस्कार. लातूरहून लिहितेय, आईसाठी विचारायचं आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव दमून झोपलेलं. पहाटे चारच्या जरा आधी किल्लारीचा भूकंप झाला. आई तेव्हा एकोणीस वर्षांची. घर माळवदाचं, दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचा थर. दुपारपर्यंत ती त्या मातीखाली होती. शेजारी धाकटी बहीण. काही वेळ तिचा आवाज येत होता, मग थांबला. एवढंच आईनं सांगितलंय, तेही एकदाच.

आता तिनं पन्नाशी ओलांडलीय. कडाक्याच्या थंडीतही तोंडावर पांघरूण घेत नाही. ट्रक गेला आणि मांडणीवरची ताटं वाजली की हातातलं टाकून अंगणात पळते. गोळ्यांनी झोप लागते, दचकणं मात्र जात नाही.

डॉक्टरांनी ईएमडीआर नावाचा मानसोपचार सुचवलाय. डोळ्यांसमोर बोट फिरवतात, एवढंच मला कळलं. मामा म्हणतात, हे संमोहन आहे, खपली काढू नका. इतक्या वर्षांनी उपयोग होतो का? सगळं पुन्हा सांगावं लागतं का? तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालंय.

प्रतिसाद:

ताई, अपघातानंतर मी हे उपचार घेतलेत. संमोहन नाही, माणूस पूर्ण शुद्धीत असतो. हात वर केला की थांबवतात. १९८७ साली फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी याची सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली आघातानंतरच्या त्रासासाठी याची शिफारस केली आहे. जुन्या घावांवरही करतात.

पहिल्या भेटींत माझ्या आठवणीला हातच लावला नाही. आधी मन शांत करायला शिकवलं. मग त्या प्रसंगातलं एक चित्र डोळ्यांपुढे आणायचं, त्रास ० ते १० मध्ये किती ते सांगायचं, आणि बोटामागे नजर फिरवायची. अर्ध्या मिनिटानं थांबून विचारतात, ‘आता काय येतंय?’ दोन शब्द पुरतात, सगळी हकिकत सांगायची सक्ती नाही. आठवण पुसली जात नाही, तिची धार जाते. एकाच वेळी आठवण आणि बोट दोन्हीकडे लक्ष द्यावं लागतं, म्हणून चित्र फिकं पडतं असं एक मत आहे. तज्ज्ञांत त्यावर अजून वाद आहे.

नजरेचा त्रास असेल तर हातांवर आळीपाळीनं टकटक करतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारा. मधल्या दिवसांत स्वप्नं वाढू शकतात, तेव्हा घरचं कुणी जवळ हवं. गोळ्या मनानं बंद करू नका. आणि ईएमडीआरचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय का, हे थेरपिस्टला तोंडावर विचारा, त्यात संकोच नको.

धागाकर्ती:

दादा, मामांना वाचून दाखवलं, ते गप्प बसले. आईनं एकच विचारलं, ‘डोळे मिटायला लावतील का? अंधार नको.’

प्रतिसाद:

नाही ताई. बोटामागे नजर फिरवताना डोळे उघडेच असतात. पहिल्याच भेटीत हे त्यांना सांगून ठेवा.