व्याकरण नंतर, आधी वाचणारा कोण ते ठरवा

वर कुणीतरी म्हटलंय की रिपोर्ट नीट लिहिता यावेत म्हणून वनखात्यातल्या, पाणी-माती जपण्याचं काम करणाऱ्या लोकांना ट्रेनिंगमध्ये आधी व्याकरण शिकवा. मला नाही पटत. माझ्या हाताखालून असे बरेच रिपोर्ट गेलेत, व्याकरण ठीकच असतं, पण वाचून झाल्यावर नक्की करायचं काय तेच कळत नाही.

एक नमुना बघा. 'सदर प्रवाहाच्या काठावर धूप होत असल्याचे निदर्शनास आले आहे.' कुणी पाहिलं, कुठे, किती, काहीच नाही! ज्याने लिहिलं त्याला तोंडी विचारलं तर पटकन म्हणाला, अहो पुलाच्या खालच्या अंगाला डावा काठ चाळीसेक मीटर खचलाय, पावसाळ्याआधी दगड टाकले नाहीत तर रस्ता जाईल. मग हेच लिही ना बाबा! बोलताना सगळं नीट येतं आणि लिहायला बसलं की अंगात सरकारी भाषा येते.

म्हणून ट्रेनिंगमध्ये स्लाइड कमी करा आणि प्रत्येकाला स्वतःचाच जुना रिपोर्ट आणायला सांगा, शेजाऱ्याने तो वाचून शिफारस काय आहे ते एका वाक्यात सांगायचं, नाही सांगता आलं तर परत लिहायचा. जरा लाज वाटते पण लक्षात राहतं.

आणि हो, साधी भाषा म्हणजे कमी शास्त्रीय हा गैरसमज आहे. अमेरिकेत पर्यावरण परिणाम अहवाल साध्या भाषेत लिहा आणि शक्यतो १५० पानांच्या आत ठेवा, असं १९७८ च्या नियमांतच होतं. (तरी जाडजूड अहवाल येतच राहिले, ते सोडा.)