गोव्याच्या राज्यप्राण्याला 'बायसन' का म्हणायचं?

सत्तरीकर
गवा हा आपला राज्यप्राणी. तरी जंगल दाखवायला नेणारी पोरं 'बायसन, बायसन' करतात, आणि हल्ली मराठी बातम्यांतही 'बायसनचा धुमाकूळ' छापून येतो. बायसन अमेरिकेतला नि युरोपातला, पुढून केसाळ, हनुवटीला दाढी. आपला गवा काळाभोर, तुकतुकीत. गुडघ्याखाली पाय पांढरट, जणू मोजे चढवलेत. शिंगं बुडाशी पिवळसर, टोकाला काळी. 'इंडियन बायसन' हे गोऱ्या शिकाऱ्यांच्या तोंडचं नाव. शास्त्रीय नावात १८२७ पासून 'गॉरस' आहे, म्हणजे आपलाच गौर. मराठीत लिहिताना तरी बायसन बंद करा.

मांडवीकाठचा
बंद कोण करणार? अमेरिकेत त्या बायसनला लोक सर्रास 'बफेलो' म्हणतात. ती काय म्हैस आहे? कुणाचं अडलं? कोल्हापूरकडचं दाजीपूरही कित्येकांना 'बायसन अभयारण्य' म्हणूनच ठाऊक आहे. आणि शास्त्राची साक्ष जरा जपून काढा. काही वर्गीकरणतज्ज्ञ आता बायसनलाही गाय-गव्याच्या 'बॉस' प्रजातीतच (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) धरतात.

शब्दवेडी
एका प्रजातीत बसवले म्हणून नाव एक होत नाही हो. गाढव आणि घोडा एकाच प्रजातीतले, म्हणून गाढवाला घोडा म्हणता का?
न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, 'उपमान' (साम्यावरून होणारं ज्ञान) समजावताना हाच प्राणी 'गवय' नावाने येतो. गवय कधीच न पाहिलेल्या माणसाला रानातला कुणी सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे तो रानात जातो, गाईसारखं जनावर बघतो आणि ओळखतो, हाच गवय. (गवय म्हणजे नीलगाय, असंही मानणारे आहेत. तो वाद इथे नको.) 'गवा' म्हटलं की त्यात गाय ऐकू येते. 'बायसन'मध्ये काय ऐकू येतं?

मोलेकडचा
जीपमध्ये पाहुणे बसवून आणा, मग न्यायदर्शन सांगा. दिल्लीच्या माणसाला 'गवा' म्हटलं तर तो 'कौन गवाह?' विचारतो. खरंच विचारलंय. 'बायसन' म्हटलं की सगळे एकदम गप्प, आणि गप्प बसले तरच दिसतो. चाहूल लागली की एखादा शीळ घातल्यासारखा फुसकारतो आणि कळप झाडीत पसार. तेवढ्या वेळात व्याकरण कुठे सांगत बसू?

काणकोणची
तुमचं हे सगळं पणजीतलं भांडण. आमच्याकडे तो 'गवो रेडो'. मराठी पेपर वाचणारे आमचे आजोबाही 'गवा रेडा'च म्हणायचे. ना गवा, ना बायसन.

शब्दवेडी
ताई, पण रेडा म्हणजे म्हशीचा नर. गवा म्हशीच्या प्रजातीतला नाहीच. शिवाय कळपात बहुतेक माद्या आणि वासरं. शिंगं मादीलाही असतात, म्हणून दिसेल त्याला रेडा?

काणकोणची
रेडा म्हटलं की पोर झाडावर चढतं. गाय म्हटलं तर चारा घेऊन पुढे जाईल. आम्हाला प्रजाती नाही, अंगावर येतो की नाही ते कळायला हवं.

सत्तरीकर
ताईंचं पटतं, पण पुरतं नाही. माझ्या शेजाऱ्याने नुकसानीच्या अर्जात लिहिलं, 'रेड्यांनी केळी मोडली.' समोरचा कारकून विचारतो, कुणाचे रेडे? मालकाचं नाव लिहा! अर्ज परत. दुसऱ्यांदा 'गवे' लिहिलं तेव्हा कुठे घेतला. बोलताना काहीही म्हणा, मोलेकडच्या भावाने जीपमध्ये खुशाल बायसन म्हणावं. कागदावर आणि छापील मजकुरात एकच नाव हवं, एवढंच.

मांडवीकाठचा
डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला तेव्हा मराठी वाहिन्या 'रानगवा'च म्हणत होत्या. नाव अगदी शुद्ध. बघ्यांच्या गर्दीतून जीव तोडून पळाला आणि पकडल्यावर मेला. त्या शुद्ध नावाने काय वाचवलं?

शब्दवेडी
हा काय युक्तिवाद? गर्दी हटवण्याचं काम पोलिसांचं, शब्दकोशाचं नव्हे.

काणकोणची
ते असू दे. कागदावर गवा लिहायचा, तर मादीला काय लिहायचं ते आधी ठरवा. 'गवीण' म्हणू का?

मोलेकडचा
गवीण आजवर कुणाच्या तोंडून ऐकली नाही बाबा. आम्ही आपले 'मादी' म्हणतो आणि गाडी रिव्हर्समध्ये टाकतो.