लोअर केलेल्या व्हॅनला कुठले शॉकअप घालावेत? जाणकारांनी सांगा

मागची_खिडकी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी५ आहे. आधीच्या मालकाने ती ४० मिमी खाली करून घेतली होती, पण फक्त स्प्रिंगा बदलल्यात, शॉकअप कंपनीचे होते तेच ठेवलेत. मागे बेड, कपाट, पाण्याची टाकी असं सगळं कायमचं बसवलंय म्हणजे व्हॅन खरी रिकामी कधी नसतेच. आता मागच्या एका शॉकअपमधून ऑइल गळतंय, पार खालपर्यंत ओघळ आलाय, आणि स्पीडब्रेकरवरून उतरलं की मागचा भाग आधी दणकन आपटतो आणि मग हेलकावे घेत राहतो. पुढे छोट्या खड्ड्यातसुद्धा दणका थेट स्टिअरिंगपर्यंत येतो.

चारही बदलायचे हे नक्की. पण कुठले? एक गॅरेजवाला म्हणाला कंपनीचेच घाला काही फरक पडत नाही, दुसरा म्हणाला लोअर गाडीला आखूडच लागतात, तिसरा कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारा स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र सेट) घ्या म्हणून मागे लागलाय. बिल्स्टीनमध्ये बी४, बी६, बी८ असे नंबर दिसतात, कोनीचे पिवळे दिसतात, केवायबीचे पण दोन प्रकार आहेत. मला गाडी पळवायची नाहीये, प्रवासात मागे मुलं झोपतात त्यांची झोपमोड होऊ नये एवढंच. उंची मात्र आहे तीच ठेवायचीय, व्हॅन अशी खाली बसलेली मला फार आवडते.

रबर_बुश:
दादा, आधी ब्रँड बाजूला ठेवा. लोअर गाडीला पहिला प्रश्न लांबीचा असतो, कडकपणाचा नंतर.

शॉकअपचा रॉड वर-खाली मिळून ठराविक अंतरच सरकतो. कंपनीने गाडी उभी असताना रॉड साधारण मधे कुठेतरी राहील अशी रचना केलेली असते, म्हणजे खड्ड्यात चाक खाली जायलाही जागा आणि उंचवट्यावर वर यायलाही जागा. तुम्ही स्प्रिंग आखूड केली की चाक ४० मिमी वर आलं आणि ते सगळं अंतर वरच्या बाजूच्या जागेतून गेलं. पुढे जो दणका येतोय तो बहुतेक शॉकअप कडक असल्याचा नाहीच, बंप स्टॉपवर, म्हणजे चाक फार वर येऊ नये म्हणून शेवटी अडवणाऱ्या ठोकळ्यावर, आपटल्याचा आहे. त्यावर जास्त कडक शॉकअप घातला तर दणका जरा कमी होईल पण आजार तोच राहील.

टी५ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे म्हणजे स्प्रिंग स्ट्रटवरच बसते. मागे सेमी-ट्रेलिंग आर्म (चाक धरून वरखाली हलणारा तिरका दांडा), तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. म्हणून पुढचं आणि मागचं वेगवेगळं तपासा. पुढे डस्ट कव्हर वर सरकवून रॉडवर एक झिप टाय अगदी शॉकअपच्या बॉडीला टेकवून घट्ट बांधा आणि नेहमीच्या रस्त्याने चक्कर मारा, टाय किती वर ढकलला गेला ते बघितलं की रॉड कुठपर्यंत आत जातो ते कळतं. गाडी सपाट जागी उभी असताना शॉकअपच्या बॉडीपासून बंप स्टॉपपर्यंत किती अंतर उरलंय तेही मोजा. मागे रॉड झाकलेला असेल तर बंप स्टॉपच्या टोकाला खडू घासा, आपटला की समोर ठसा उमटतो.

मग मागची बाजू जॅकवर घ्या, स्टँड नीट लावा, चाकं लोंबकळू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. सहज फिरली किंवा वरखाली हलली तर शॉकअप त्या स्प्रिंगसाठी लांब आहे. मागे चाक किती खाली लोंबकळेल हे शॉकअपच अडवतो, तो लांब असला की मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग जागची सुटू शकते आणि परत बसताना वाकडी बसते. हा प्रश्न आरामाचा नाही, सुरक्षेचा आहे, म्हणून हे आजच बघा.

आता नंबरांचं. बिल्स्टीन बी४ म्हणजे कंपनीच्या जागी कंपनीसारखाच. बी६ कडक, पण मूळ उंचीच्या गाडीसाठी. बी८ म्हणजे लोअरिंग स्प्रिंगसाठी आखूड केलेला. बी१२ म्हणजे बी८ आणि स्प्रिंगा एकत्र असा सेट. केवायबीचा एक्सेल-जी दोन नळ्यांचा कमी दाबाचा गॅसवाला, गॅस-ए-जस्ट एका नळीचा जास्त दाबाचा. कोनी पिवळ्याचं रिबाउंड, म्हणजे उघडतानाचा जोर, फिरवून कमीजास्त करता येतं. आपल्या मॉडेलला आणि ४० मिमीला चालेल असं कॅटलॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तोच पार्ट नंबर घ्या, दिसायला सारखा आहे म्हणून घेऊ नका.

तिसरा_गिअर:
वरचं सगळं बरोबर आहे पण एवढी मोजामोज करण्यापेक्षा कॉइलओव्हर का नको? स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठीच बनवलेले असतात, उंची हवी तेवढी ठेवता येते, उद्या सामान वाढलं तर मागून थोडी वर करता येते. माझ्या व्हॅनला तेच आहेत आणि मी समाधानी आहे. फक्त ज्यात खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलते ते घ्या, त्यात स्प्रिंगचा ताण आणि रॉडची जागा आहे तशीच राहते. ज्यात नुसती स्प्रिंगची बशी वरखाली होते त्यात गाडी खाली घेतली की रॉडही तेवढाच आत जातो, म्हणजे परत रबर_बुश सांगतायत तोच प्रश्न.

आणि पावसाळी, चिखलाच्या रस्त्यावर चालवत असाल तर कॉइलओव्हरचे आटे गंजतात. बसवायच्या आधीच आट्यांवर संरक्षक ग्रीस लावा आणि अधूनमधून धुऊन साफ करा, नाहीतर गरज पडते तेव्हा रिंग फिरत नाही.

मागची_खिडकी:
खूप धन्यवाद दोघांनाही. आज मोजलं. पुढे उभ्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत जेमतेम १५ मिमी उरलेत आणि झिप टाय बंप स्टॉपच्याही आत दाबला गेलाय. मागे जॅकवर घेतली तर डावी स्प्रिंग हाताने आरामात फिरते, उजवी जरा घट्ट वाटली पण हलते. म्हणजे आखूडच लागणार हे कळलं. कॉइलओव्हर नको वाटतंय कारण मला उंची परत बदलायचीच नाही.

पण कडकपणाचं कसं ठरवायचं? एकजण म्हणतो स्प्रिंग कडक म्हणजे शॉकअप दुप्पट कडक हवा. आणि एका नळीचा की दोन नळ्यांचा? शिवाय बंप स्टॉप कापून टाका असाही सल्ला मिळालाय, तो पटत नाही.

रबर_बुश:
डावी फिरते म्हणालात तर नवीन बसेपर्यंत व्हॅन जपून चालवा, खड्डा दिसला की वेग अगदी कमी.

दुप्पट वगैरे अजिबात नाही. लागणारं डॅम्पिंग (हेलकावे थोपवायचा शॉकअपचा जोर) स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. स्प्रिंग ३० टक्के कडक झाली तर डॅम्पिंग साधारण १४ टक्के जास्त पुरतं. वजनाचंही तसंच, तीच स्प्रिंग ठेवून गाडी ३० टक्के जड झाली तरी १४ टक्केच. दोन्ही एकत्र वाढले तर मात्र ३० टक्के. तुमच्याकडे लोअरिंग स्प्रिंग पण आहे आणि मागे कायमचं सामान पण आहे, म्हणून कंपनीच्या सेटिंगपेक्षा थोडा कडक हवा, रेसवाला नको.

आणि कडक म्हणजे कुठल्या दिशेला तेही बघा. शॉकअप दाबताना आणि उघडताना वेगवेगळा जोर लावतो, रस्त्यावरच्या गाड्यांत उघडतानाचा जोर बराच जास्त ठेवलेला असतो. तुमचे जे हेलकावे आहेत ते उघडतानाचा जोर संपल्यामुळे आहेत. पण तो गरजेपेक्षा जास्त झाला तर स्प्रिंगला परत उघडायला वेळच मिळत नाही, ओळीने खड्डे आले की गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक अजून थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर येते. ज्या गाडीला वरची जागा आधीच कमी आहे तिला हे सगळ्यात जास्त नडतं. कोनी पिवळे घेतले तर सगळ्यात मऊ सेटिंगपासून सुरुवात करा आणि हेलकावे एका दमात थांबतील एवढंच वाढवा, त्याच्या पुढे नाही. घेण्याआधी विचारून घ्या की सेटिंग वरच्या नॉबने होतं का, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये शॉकअप काढून रॉड पूर्ण आत दाबून फिरवावा लागतो.

एक नळी की दोन नळ्या. एका नळीच्या शॉकअपमध्ये गॅसचा दाब साधारण २० ते ३० बार असतो, तेल फेसाळत नाही, लांब उतारावर आणि सलग खराब रस्त्यावर काम सारखंच राहतं. पण तो दाब रॉडला सतत बाहेर ढकलतो. ११ मिमीच्या रॉडवर २५ बार म्हणजे जवळजवळ २४ किलोचा जोर, त्याने गाडी काही मिमी वर येऊ शकते आणि बारीक खडबडीत रस्ता जास्त जाणवतो. दोन नळ्यांचा बारीक खड्ड्यांवर मऊ वाटतो. मुलं झोपणार असतील तर माझं मत लोअर गाडीसाठी बनवलेल्या दोन नळ्यांच्या शॉकअपकडे झुकतं, तुमच्या मॉडेलला तसा मिळत असेल तर. नाहीच मिळाला तर बी८, तोही चांगलाच आहे.

बंप स्टॉपचा सल्ला पटला नाही ते योग्यच. बंप स्टॉप नुसता अडवायला नसतो, आजकालचे फोमचे स्टॉप दुसऱ्या स्प्रिंगसारखे हळूहळू कडक होत जातात. तो मनाला येईल तसा कापला तर शॉकअप आतल्या आत तळाला आपटेल नाहीतर टायर वर बॉडीला लागेल. आखूड स्ट्रटसोबत किती लांबीचा स्टॉप लागतो ते बनवणाऱ्याने दिलेलं असतं, तेवढाच ठेवा. खात्री करायची असेल तर एका बाजूची स्प्रिंग काढून नुसता शॉकअप लावा आणि चाक जॅकने हळूहळू वर उचला, टायर, ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर कुठे लागते का ते डोळ्यांनी दिसतं. चाक सरळ ठेवूनही बघा आणि पूर्ण वळवूनही.

मागे अजून एक गणित आहे. शॉकअप चाकापासून आत बसलेला असेल तर चाक जितकं हलतं तितका तो हलत नाही. समजा चाक १० मिमी हललं आणि शॉकअप ७ मिमी, तर ४० मिमी लोअरिंगचे शॉकअपवर २८ मिमीच होतात. म्हणून ४० मिमी लोअर केली म्हणून मागचा शॉकअपही ४० मिमी आखूड असा हिशोब करू नका. लोंबकळलेल्या चाकाला स्प्रिंग थोडी दाबलेली राहते का, हीच खरी कसोटी.

जॅक_स्टँड:
उशिरा वाचलं. निवडीबद्दल रबर_बुशनी सगळं सांगितलंय, मी बसवण्याबद्दल सांगतो कारण चांगला शॉकअप चुकीच्या बसवण्याने वाया गेलेला मी पुष्कळदा बघितलाय.

स्ट्रट उघडताय तर वरचे माउंट आणि बेअरिंग नवेच घाला, मजुरी तीच लागते. रॉडचा वरचा नट इम्पॅक्ट गनने कधीच घट्ट करू देऊ नका, रॉड आत गरगर फिरतो आणि सील पहिल्याच दिवशी दुखावतं. रॉडला पकडीने धरू नका, एक चरा उमटला की तिथूनच ऑइल गळायला लागतं. दोन नळ्यांचा असेल तर बसवण्याआधी उभा धरून काही वेळा हळूहळू पूर्ण दाबा-उघडा म्हणजे आतली हवा निघून जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रबर बुश असलेले बोल्ट चाकं लोंबकळत असताना शेवटचे घट्ट करायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करा, सामान जागेवर असू द्या, मग टॉर्क रेंचने आवळा. हवेत आवळलं तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेलं राहतं, राइड कडक लागते आणि रबर लवकर फाटतं. माणसं मग नव्या शॉकअपला दोष देतात.

पुढे स्टॅबिलायझरचे (वळणावर गाडी झुकणं कमी करणाऱ्या बारचे) लिंक रॉड पण बघा. लोअर केल्यावर बार वेगळ्या कोनात जातो आणि कधी ड्राइव्हशाफ्टच्या (चाकाला ताकद देणाऱ्या दांड्याच्या) जवळ येतो, तसं असेल तर आखूड लिंक लागतील. खालचे आर्म आडव्या रेषेच्या वर गेले असतील तर मॅकफर्सन गाडी वळणावर उलट जास्त झुकते, ते शॉकअपने पूर्ण जात नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

मागच्या ब्रेकला लोडप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह आहे का तेही तपासा. बऱ्याच जुन्या व्हॅन्सना असतो आणि तो मागच्या आर्मला जोडलेला असतो. गाडी खाली बसली की त्याला वाटतं मागे वजन भरलंय, मग रिकाम्या गाडीत मागची चाकं ब्रेक लावताना लवकर जाम होऊ शकतात. असेल तर पुन्हा सेट करून घ्या.

मागची_खिडकी:
लिंक रॉडचं कुणी बोललंच नव्हतं, उद्या तेही बघतो. आखूड दोन नळ्यांचे माझ्या मॉडेलला मिळतात का ते कॅटलॉगमध्ये शोधतोय, नाहीतर बी८. अलाइनमेंट लगेच करायचं की काही दिवस चालवून?

जॅक_स्टँड:
टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) अंदाजे लगेच बघून घ्या, नाहीतर टायर खातील. मग स्प्रिंगा आणि बुश बसेपर्यंत थोडं चालवा आणि पूर्ण अलाइनमेंट करा, तेही टाकीत पाणी भरून आणि सगळं सामान आत ठेवून, कारण तुमची व्हॅन चालते ती त्याच वजनावर. हेडलाइटची उंचीही त्याच वेळी लावून घ्या.