घागऱ्यासाठी पैठणी : आधी माप, मग माग

चंद्रकळा
भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. सीमांतपूजनाला तिला पैठणीचा घागरा हवा आहे आणि होणाऱ्या जावयांना त्याच कापडाचं जाकीट. दोन महिने तिच्याबरोबर पुण्यातली दुकानं आणि येवल्यातले माग हिंडून झाले. माझं मत आता पक्कं झालंय, ते मांडते. न पटणाऱ्यांनी जरूर बोलावं, कारण ताणा (मागावरचे उभे धागे) लागला की मागे फिरता येत नाही.

शिवायच्या कपड्यासाठी तयार साडी घेऊन कापू नका. यंत्रमागावरची 'सेमी' पैठणीही घेऊ नका. आधी कपडा ठरवा, शिंप्याला माप घ्यायला लावा आणि त्या मापाचं कापड हातमागावर विणून घ्या.

साडी का नको? साडी नेसली की तिची रुंदी आपल्या अंगावर उभी येते, म्हणून साडीच्या मधल्या भागातल्या बुट्ट्या काठाकडून काठाकडे उभ्या विणतात. पदर मात्र पाठीवर लांबीने लोंबतो, म्हणून त्यावरचे मोर लांबीच्या दिशेनं उभे असतात. आता हीच साडी कापून जाकीट बेतलं, तर पदराचा मोर नीट उभा राहतो आणि मधल्या भागातल्या बुट्ट्या आडव्या पडतात. हे मला शिंप्याच्या टेबलावर कापड पसरल्यावर कळलं. विणकराला आधी सांगितलं असतं तर त्यानं त्या दिशेनं विणलं असतं.

सेमी का नको, तर पैठणीची नक्षी म्हणजे काय हे येवल्यात मागाशेजारी बसून पाहिलं म्हणून. पदरातल्या प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी. विणकर ती बोटांनी उभ्या धाग्यांतून नेतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि परत फिरवतो. मोराची मान, डोळा, पिसारा, सगळं असं. म्हणून मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते. जॅकार्डच्या, म्हणजे यंत्रानं नक्षी उठवलेल्या कापडात मागे सुटे धागे धावतात किंवा कापलेले असतात. एक दुकानदार म्हणाले, 'ताई, अस्तर लागल्यावर मागचं कोण बघतंय?' मी बघतेय. लग्नाच्या कपड्यावर एवढा पैसा घालायचा तर तो त्या बोटांना मिळावा.

कात्री_आणि_टेप
चंद्रकळाताई, मी लग्नाचेच कपडे शिवते, तेव्हा हातमागाचा अपमान म्हणून हे वाचू नका. पण घागऱ्यासाठी माझं मत उलटं आहे.

नवरी लग्नाआधीच्या दोन महिन्यांत हमखास बारीक होते. शेवटच्या आठवड्यात कंबर आवळायची म्हणजे टाके उसवून पुन्हा घालायचे. रेशमावर जुन्या टाक्यांची भोकं राहतात. मऊ हातमागाच्या कापडात ताण पडला की शिवणीपाशी धागे सरकतात, जाळी दिसते. काखेत आणि पाठीवर तर नक्की. शिवाय कळ्यांचा (उभ्या पट्ट्या जोडून घेर केलेला) घागरा म्हटला की प्रत्येक कळी वर निमुळती कापावी लागते. ज्या काठासाठी आणि बुट्टीसाठी तुम्ही महिने थांबलात, त्याचे त्रिकोणी तुकडे माझ्या टेबलाखाली पडतात. ते उचलताना मलाच वाईट वाटतं.

यंत्रमागाचं कापड हवं तेवढं मिळतं, रंग शेवटपर्यंत सारखा असतो, चार मीटर कमी पडलं तर दुसऱ्या दिवशी आणता येतं. हातमागावर पुन्हा रंगवलेलं रेशीम आधीच्या घाण्याशी तंतोतंत जुळत नाही. एका संध्याकाळच्या कपड्यासाठी हा जीवघेणा धोका का घ्यायचा? पैसे साडीवर घाला, घागरा साधा करा.

नारळीकाठ
मी तर म्हणते शिवूच नका. पैठणी नेसायची वस्तू आहे. माझ्या लग्नातली पैठणी बहिणीनं नेसली, पुतणीनं नेसली, तिघींच्या अंगकाठ्या तीन तऱ्हेच्या. शिवलेला घागरा एकीच्याच मापाचा, आणि तिच्याही दोन वर्षांपुरता. भाचीला पाच मीटर साडी नेसवा आणि वरून शेला द्या, तेवढीच शोभा येईल.

चंद्रकळा
नारळीकाठ, हे मी तिला चारदा सांगितलं. तिला त्या दिवशी नाचायचं आहे, आणि लग्न तिचं आहे.

कात्री_आणि_टेप, शिवणीचं तुमचं म्हणणं मान्य. म्हणूनच पोलकं वेगळ्या, घट्ट विणीच्या कापडाचं करायचं ठरवलंय. पण कळ्यांच्या तुकड्यांचं वाचून पोटात गोळा आला.

भंडाऱ्याची_लेक
जाकिटासाठी पैठणीच का? आमच्याकडे विदर्भात करवती आहे. कोशाचं (टसर) रेशीम, काठावर करवतीच्या दातांची नक्षी. कोशाचा नैसर्गिक मधाळ रंग पुरुषांना फार शोभतो, आणि अंगाला भरड असल्यानं जाकिटात आकार धरतो. नवरा-नवरीचं कापड एकाच थानातलं हवं हा हट्ट अलीकडचा आहे. काठाचा रंग जुळवला तरी पुरे.

परकर_पोलकं
कळ्या कशाला कापताय? आपल्या आज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. परकर आठवा. कापड आडवं धरायचं, त्याचा पन्हा (रुंदी) हीच परकराची उंची, काठ आपोआप खाली घेराला येतो. वर कमरेला चुण्या, बाजूला एकच शिवण. कात्री लागते ती फक्त दोन टोकांना. मुलगी वाढेल म्हणून आत एक दुमड शिवून ठेवायचे आणि दर वर्षी ती उसवून परकर लांब करायचे.

घागरा असाच शिवा. नारळीकाठ यांचा मुद्दाही सुटतो: चुण्या उसवल्या की चार-साडेचार मीटर अखंड कापड परत हातात येतं. आणि बुट्ट्या साडीसारख्याच, काठाकडून काठाकडे उभ्या. विणकराला नवं काही शिकावं लागत नाही.

कात्री_आणि_टेप
हे चालेल, पण वरच्या काठाचं काय? जरीचा काठ चुण्यांत घातला तर कमरेवर जाड वळी येते आणि नाडीखाली टोचते. नवरीला सडसडीत दिसायचं असतं.

येवल्याचा_माग
आमच्या घरी दोन माग आहेत, म्हणून लिहितो. वरचा काठ विणूच नये. साडीला तीन धोटे (आडवा धागा नेणारे) चालतात, दोन काठांना दोन आणि मधल्या अंगाला एक. एकाच बाजूला काठ हवा असेल तर दोन धोट्यांत काम होतं, जरही वाचते. फक्त ताणा लावण्याआधी सांगा. लोक साडी अर्धी झाल्यावर फोन करतात.

रंगाबद्दल शिलाईवाल्या ताई बरोबर बोलल्या. त्यावर उपाय एकच, घागरा आणि जाकीट एकाच ताण्यावर, एकदाच रंगवलेल्या रेशमात. आधी घागऱ्याचं कापड, मग थोडी जागा सोडून जाकिटाचं, त्यात बुट्टीची दिशा फिरवून. अर्धा मीटर जास्त विणून ठेवा, पुढे दुरुस्तीला लागतो.

साधी बुट्टी आणि मध्यम काठ असेल तर दीड-दोन महिने धरा. पदरासारखी भरगच्च मोरांची वीण पूर्ण घेरभर मागितली तर वर्ष पुरत नाही, आणि ते मार्गशीर्षासाठी आता कबूल करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक. दुकानात 'सिल्क मार्क' दाखवून हातमाग म्हणून विकतात. २००४ साली सुरू झालेलं ते चिन्ह रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतं. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमालाही ते मिळतं. हातमागाचं चिन्ह वेगळं, 'हँडलूम मार्क', २००६ पासूनचं. दोन्ही बघा. जर कोणती तेही विचारा, खरी चांदीची, की हाफ फाइन किंवा टेस्टेड अशी स्वस्त. भावात मोठा फरक याचाच असतो, आणि बिलावर लिहून घ्या.

नारळीकाठ
एक विचारते. घरात आजेसासूबाईंची पैठणी आहे, घड्यांवर चिरलेली. ती कापून जाकीट होईल का? की तेही पाप?

परकर_पोलकं
चिरलेली पैठणी तशीच कपाटात ठेवली तर पुढच्या घडीवर पुन्हा चिरेल. जुन्या साड्या लोकांनी जर वितळवून चांदी काढायला दिल्या, त्यापेक्षा जाकीट कितीतरी बरं. पदराचा चांगला भाग पाठीला घ्या, काठ पुढच्या पट्टीला, आणि पूर्ण तुकड्याला आतून मऊ सुती कापड टाचून मगच बेता.

कात्री_आणि_टेप
याला माझा पाठिंबा. चंद्रकळाताई, चुण्यांच्या घागऱ्यालाही माझी हरकत उरली नाही. नव्या पैठणीचं जाकीट मात्र मला अजून पटत नाही, खांद्यावर आणि काखेत ते कापावंच लागणार. कोशाचं करा.

चंद्रकळा
जाकीट करवती कोशाचं, घागरा परकरासारखा, काठ एकाच बाजूला. भाचीनं पोफळी रंग निवडलाय, काठ कुसुंबी. येत्या रविवारी येवल्याला जाऊन सांगून येते. येवल्याचा_माग, तिची कंबरेपासून जमिनीपर्यंतची उंची ४१ इंच. तुमचा पन्हा पुरेल ना?

येवल्याचा_माग
आमची फणी ४५ इंचांची, तेवढाच पन्हा निघतो. वर नेफ्याला दोन इंच जातात. पण ४१ हे माप अनवाणी उभं राहून घेतलंय का? त्या दिवशी घालायची चप्पल पायात घालून पुन्हा मोजा आणि मग या.