मदत हवी आहे: डीटीएचचा रेकॉर्डर बॉक्स बंद पडलाय, नवा कोणता घ्यावा? (नाशिक)

बागाईतदार
नमस्कार मंडळी. घरचा रेकॉर्डिंगवाला सेटटॉप बॉक्स बंद पडलाय. लाल दिवा लागतो, मग हिरवा होतो, टीव्हीवर कंपनीचं चिन्ह येतं आणि परत काळं. पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले रेकॉर्डिंगचा बॉक्स आता देत नाही, साधा एचडी घ्या नाहीतर अँड्रॉइड घ्या. मला रेकॉर्डिंगच पाहिजे. नाशिकमध्ये असा बॉक्स कुठे मिळेल आणि कोणता चांगला? शनिवारी घरी जातोय, त्याच्या आत हातात हवा. कृपया लवकर सांगा.

केतकी_ना
कंपनी कोणती? बॉक्स किती जुना? बॉक्सच्या आत डिस्क आहे की मागे यूएसबीला लावलेली? छतावरून वायरी किती येतात, एक की दोन? एवढं लिहिल्याशिवाय कोणी काय सांगणार?

निवांत
आता रेकॉर्डर घेऊच नका. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर आहे, झी मराठी झी5 वर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. दूरदर्शनचे चॅनल प्रसार भारतीच्या वेव्हज ॲपवर येतात, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं ते. हवा तेव्हा एपिसोड लावा, रेकॉर्ड करायची गरजच काय? एक फायर स्टिक घ्या आणि मोकळे व्हा.

रेखा_इंदिरानगर
निवांत यांना अनुमोदन. आम्ही डीटीएच बंद करून फायबर घेतलं. सासूबाई सुरुवातीला नाही म्हणत होत्या, आता रिमोटच्या माइकवर मालिकेचं नाव बोलून लावतात.

बागाईतदार
ओटीटी नको. मी बॉक्सबद्दल विचारलंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा तिच्यावरच जाईल. बॉक्स एचडी आहे, डिस्क आतच आहे, पाचशे जीबी. वायरी बहुतेक दोन. एम. जी. रोडला दोन-तीन दुकानांत विचारलं, सगळे अँड्रॉइड बॉक्सच पुढे करतात.

निवांत
पण ओटीटी का नको ते तर सांगा. पैशांचा प्रश्न असेल तर मोबाइलच्या रिचार्जबरोबर फुकट मिळतंच.

बागाईतदार
नेट नाही हो तिथे! घर मळ्यात आहे, दिंडोरी रस्त्यापासून बरंच आत. फायबर रस्त्यापर्यंत आलंय, आत एका घरासाठी कोणी ओढत नाही. मोबाइलला रेंज गच्चीवर येते, खाली आलं की फोनच लागत नाही. मी नाशकात राहतो, आईवडील तिकडे. द्राक्षांची छाटणी झालीय, फवारण्या चालू आहेत. आप्पा अंधार पडल्यावर बागेतून येतात, तोवर शेतीचे कार्यक्रम होऊन जातात. म्हणून रेकॉर्डर. आईच्या मालिका वेगळ्या.

केतकी_ना
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर फायर स्टिकवर वेळ गेला नसता. म्हणजे गरज अशी आहे: नेटशिवाय, एक चॅनल रेकॉर्ड होत असताना आईंना दुसरा चॅनल बघता आला पाहिजे. बरोबर ना? मग बॉक्समध्ये दोन ट्यूनर (चॅनल पकडणारे भाग) हवेत आणि छत्रीवरून दोन वायरी हव्यात. अँड्रॉइड बॉक्समध्ये ‘मागचे सात दिवस’ वगैरे सोय दाखवतात ती नेटवरूनच येते, तुमच्याकडे ती चालणार नाही. दुकानदाराने कितीही सांगितलं तरी त्यासाठी घेऊ नका.

गोदाकाठ
छत्री कुठल्या दिशेला आहे ते एकदा तपासा. नाशिकमधून डीडी फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला, म्हणजे छत्रीचं तोंड जवळजवळ अचूक आग्नेयेला पाहिजे. टाटा प्लेचा 83 अंशावर, तो दक्षिणेकडून थोडा पूर्वेला. एअरटेलचा 108 अंशावर, तो अजून पूर्वेकडे आणि खाली झुकलेला. समोर आंबा किंवा सिल्व्हर ओक वाढला असेल तर फांद्यांनी सिग्नल कापला जातो. आमच्याकडे शेवग्याने असंच केलं होतं.

बागाईतदार
सिग्नलचा प्रश्न नाही. बॉक्स चालूच होत नाही.

वायरमनकाका
मी डीटीएचची कामं केली आहेत, पंचवटीपासून ओझरपर्यंत. नवा बॉक्स घ्यायच्या आधी अडॅप्टर बदलून बघा. चिन्ह येतं आणि परत काळं होतं, हे लक्षण रेकॉर्डरमध्ये फार वेळा अडॅप्टरचं असतं. साध्या बॉक्सला करंट कमी लागतो. रेकॉर्डरमध्ये डिस्क आहे, ती फिरायला लागते त्या क्षणी सगळ्यात जास्त करंट ओढते. अडॅप्टरमधले कपॅसिटर फुगलेले असले की नेमकं तेव्हाच व्होल्टेज खाली बसतं आणि बॉक्स परत पहिल्यापासून सुरू होतो. बॉक्सच्या बुडाला पट्टी असते, तिच्यावर 12 व्होल्ट आणि किती अँपियर ते लिहिलेलं असतं. व्होल्ट तेवढाच, अँपियर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचं चिन्ह जुळतं असा अडॅप्टर घ्या. साध्या बॉक्सचा काढून लावू नका, तो पुरा पडत नाही.

सातपूरकर
काका, उगाच आशा लावू नका. इतका जुना बॉक्स म्हणजे हार्ड डिस्क गेली. कंपनीत आमच्याकडे सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला हेच झालं होतं. मल्टीमीटर लावून अडॅप्टर मोजा, 12 दाखवतो का बघा. दाखवला तर अडॅप्टर ठीक, डिस्क खराब. विषय संपला.

वायरमनकाका
विषय असा संपत नाही. नुसता मीटर लावला की खराब अडॅप्टरही 12 दाखवतो, कारण तेव्हा त्याच्यावर लोडच नसतो. लोड आला की दहाच्या खाली येतो. दुसरा चांगला अडॅप्टर लावून बघणं हीच खरी परीक्षा. दोन-तीनशे रुपयांत होतं. आणि डिस्क गेली असेल तर कान लावा. टक… टक… असा ठरावीक आवाज येऊन थांबत असेल तर डिस्क. काहीच आवाज नसेल किंवा फिरायला लागून मधेच बसत असेल तर आधी अडॅप्टर.

सातपूरकर
मी 20 वर्षं मेंटेनन्समध्ये आहे, मीटर काय दाखवतो ते मला माहीत आहे. पण ठीक, दोन्ही करून बघायला हरकत नाही.

मखमलाबादी
मळ्यातली वीज हे खरं कारण आहे. आमच्याकडे शेतीच्या फीडरला लाइट रात्री येते, घराला सिंगल फेजवर कशीबशी मिळते. मोटारी चालू झाल्या की बल्ब मंद होतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला, टीव्हीचा बोर्ड गेला. डीव्हीआर सोडा, आधी चांगला स्टॅबिलायझर लावा.

रेखा_इंदिरानगर
स्टॅबिलायझरपेक्षा छोटा यूपीएस बरा. लाइट गेली तरी रेकॉर्डिंग मधेच तुटत नाही.

मखमलाबादी
यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. शेतात कमी व्होल्टेजवर यूपीएस सारखा बॅटरीवर जातो आणि बॅटरी अजून लवकर संपते. स्टॅबिलायझरच.

निवांत
दोन्ही लावतात लोक. आधी स्टॅबिलायझर, मग यूपीएस. पण मूळ प्रश्न बॉक्सचा होता.

आठवणीतला_रविवार
रेकॉर्डिंगवरून आठवलं. 1987 मध्ये रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा आमच्या चाळीत एकाच घरी व्हीसीआर होता. ज्याची ड्युटी असेल तो आदल्या दिवशी कॅसेट देऊन जायचा. माणसं दाराबाहेर चपला काढून बसायची. तेव्हा रेकॉर्ड केलेलं कुठेही नेऊन बघता यायचं, आता विकत घेतलेल्या बॉक्सचंही तसं नाही.

बागाईतदार
मंडळी, शनिवार जवळ येतोय. अडॅप्टर बघतो. पण नवा बॉक्स घेतला तर जुन्यातलं रेकॉर्डिंग त्यात टाकता येईल का? हे विचारायचं राहिलं. आप्पांनी त्यात सह्याद्रीवरचे ‘आमची माती आमची माणसं’चे द्राक्षांवरचे भाग जमवून ठेवलेत. डाऊनी, भुरी हे रोग, छाटणीनंतरचा पाऊस, एकेका विषयाचे. फवारणीच्या आधी तो भाग परत लावतात, वहीत औषधाचं प्रमाण उतरवतात. त्यांना मालिका, मॅच काही नको. तेवढं गेलं तर त्यांना फार लागेल, आणि मलाही.

केतकी_ना
हा खरा प्रश्न होता आणि तो आत्ता आला! नवीन बॉक्सपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

सातपूरकर
सोपं आहे. डिस्क काढा, सॅटाची केबल लावून कॉम्प्युटरला जोडा, फाइल कॉपी करा.

वायरमनकाका
अजिबात करू नका! त्या डिस्कवरचं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली त्याच बॉक्समध्ये असते. कॉम्प्युटरला फाइल दिसली तरी चित्र उघडत नाही. आणि विंडोजला ती डिस्क ओळखता येत नाही, मग ते ‘फॉरमॅट करू का’ असं विचारतं. चुकून होकार दिला की सगळं पुसलं. त्याच कंपनीच्या दुसऱ्या बॉक्सात डिस्क घातली तरी तो ती आपली समजत नाही, नव्याने तयार करायला लागतो. रेकॉर्डिंग वाचवायचं तर तोच बॉक्स चालू व्हायला हवा. म्हणून अडॅप्टर, अडॅप्टर, अडॅप्टर.

सातपूरकर
सीसीटीव्हीचं निघतं म्हणून म्हटलं. डीटीएचचं असं असेल तर काकांचं ऐका.

केतकी_ना
बॉक्स चालू झाला तर लॅपटॉपवर उतरवता येतं. एचडीएमआयमधून नाही, तिथे कॉपी रोखणारी सोय असते, पडदा काळा येतो. पण मागे पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं असतील तर एव्ही वायर आणि यूएसबीचं कॅप्चर डोंगल (टीव्हीचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं छोटं यंत्र) लावून उतरतं. घरच्या बघण्यासाठी मी आईच्या कीर्तनांचं असंच केलं. चित्र एचडी राहत नाही, पण वहीत प्रमाण उतरवण्याइतकं स्पष्ट दिसतं. एक तासाचा भाग उतरवायला एक तासच लागतो, घाई करून चालत नाही. आधी दोन मिनिटांचा तुकडा उतरवून आवाज आलाय का तपासा. आणि हे होईपर्यंत जुनं कनेक्शन बंद करू नका. रिचार्ज संपला की आधी केलेलं रेकॉर्डिंगही उघडत नाही, असं बऱ्याच बॉक्सचं असतं.

निवांत
मग नव्या बॉक्ससाठी माझं मत बदलून सांगतो. नेट नसेल तर डिश टीव्ही किंवा डीटूएचचे यूएसबीवर रेकॉर्ड करणारे एचडी बॉक्स आहेत, ते बघा. डिस्क आपली असते, खराब झाली तर तेवढीच बदलायची.

वायरमनकाका
चालेल, पण घेण्याआधी दुकानात लावून दाखवायला सांगा. यूएसबीवाल्यात बहुतेक एकच ट्यूनर असतो. आप्पांचा कार्यक्रम रेकॉर्ड होत असताना आईंना दुसरा चॅनल मिळेलच असं नाही. रेकॉर्डिंगचे महिन्याला वेगळे पैसे आहेत का तेही विचारा. तिथेही रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, हे लक्षात ठेवा. पेन ड्राइव्ह लावू नका, एचडीला तो मागे पडतो आणि चित्र अडकतं. हार्ड डिस्क लावा, जमलं तर स्वतःचा अडॅप्टर असलेली, कारण बॉक्सच्या यूएसबीतून डिस्कला पुरेसा करंट मिळत नाही. एचडीला तासाला साधारण साडेतीन जीबी धरा, म्हणजे पाचशे जीबीत सव्वाशे-दीडशे तास बसतात. कंपनी बदलली तर छत्री नव्याने फिरवावी लागेल आणि एलएनबीही (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) बघावा लागेल. ते काम मळ्यावर येऊन करणारा माणूस आधी ठरवा.

गोदाकाठ
डीटूएच असेल तर 88 अंश. छत्री फार फिरवावी लागत नाही, पण अंदाजाने फिरवू नका, मीटरवर लावून घ्या.

बागाईतदार
सगळ्यांचे मनापासून आभार. काल शालिमारजवळच्या दुकानातून 12 व्होल्ट, 3 अँपियरचा अडॅप्टर घेऊन मळ्यावर आलो. पट्टीवर अडीच लिहिलं होतं. लावला आणि बॉक्स चालू झाला! आप्पा शेजारीच उभे होते. त्यांनी आधी यादी उघडून डाऊनीचा भाग आहे का ते बघितलं. आहे. सगळे आहेत. पण डिस्कमधून अधूनमधून हलकी टकटक येतेय, त्यामुळे भरवसा नाही. डोंगल मागवलंय. आईशी बोललो, रेकॉर्डिंगच्या वेळी तोच चॅनल लागला तरी चालेल म्हणते, त्यामुळे यूएसबीवाला बॉक्स बघतोय. पण जुनं उतरवून झाल्यावरच. स्टॅबिलायझर मात्र आजच लावला.

मखमलाबादी
छान केलंत. अर्थिंगही बघून घ्या.

वायरमनकाका
टकटक येतेय म्हणजे वेळ कमी आहे. आज रात्रीपासून त्यावर नवं काही रेकॉर्ड करू नका. ठरलेल्या रेकॉर्डिंगची यादी उघडून आईंच्या मालिकांसकट सगळ्या वेळा रद्द करा, नाहीतर डिस्क रोज फिरत राहील. बॉक्स उघड्यावर ठेवा, टीव्हीच्या कपाटात कोंडू नका, वरचं कापड काढा. डोंगल आलं की आप्पांना जे भाग सगळ्यात जास्त लागतात ते आधी उतरवा, यादीच्या क्रमाने जाऊ नका.

बागाईतदार
आप्पांनी वहीत क्रम लावून दिलाय. डाऊनी पहिला.

ओझरवाला
धागा वाचला. माझ्या साध्या बॉक्सला पाऊस आला की चित्र जातं, तेही अडॅप्टरमुळेच असेल का? वायर एकच आहे.