अनुभव धागा: पहिले साठ फूट, गाडी सुटताना बसते की ओढते?

वाळूजकर

महालक्ष्म्यांच्या आधी माळा आवरायला काढला. पत्र्याच्या डब्यात दोन काळे रबरी गुटके सापडले, तळहाताएवढे, वरच्या अंगाला स्प्रिंगच्या वेटोळ्याचा खोल वळ पडलेला. हातात घेतले अन् तिथंच बसून राहिलो. बायको खालून हाका मारायली तरी उठवेना.

माझ्या मारुती एस्टीमचे गुटके. दहा-बारा वर्षं झाली असतील. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैल पळवायला चार पोरं गेलो होतो. सोबत चिकलठाण्याचे मेकॅनिक उस्ताद. पाव मैल म्हणजे 402 मीटर, पण खरी परीक्षा पहिल्या साठ फुटांतच. हिरवा दिवा लागला, मी क्लच सोडला, पुढची दोन्ही चाकं किंचाळत जागच्या जागी फिरली. शेजारचा गेला निघून. चिठ्ठीवर साठ फुटांना 2.9 सेकंद.

उस्ताद काही बोलले नाहीत. गाडी परत आली तशी मागं उकिडवे बसले, डिकी हातानं दाबली, सोडली, पुन्हा दाबली. म्हणाले, "पीछे बैठ रही, आगे से हल्की हो रही. इसको बैठने मत दे." जॅक लावला, मागच्या दोन्ही स्प्रिंगांत हे गुटके ठोकले. स्टेपनी काढून झाडाखाली ठेवली. मागं हवा 42, पुढं 20. पुढच्या फेरीला 2.6. बघणाऱ्याला हा फरक कळतही नाही, पण गाडीत बसणाऱ्याला पाठीत कळतो.

उस्ताद करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. गुटके मी जपून ठेवलेत हे त्यांना सांगायचं राहिलं.

ज्यांनी ज्यांनी सुटण्यासाठी गाडीचं खालचं काम केलंय त्यांनी लिहा. धावपट्टीवरचं, गॅरेजातलं, शेतातलं, काहीही चालेल. रस्त्यावरच्या शर्यतीचं मात्र नको.

कमानपाटा_जालना

आमचं उलटं. जीप, ताकद मागच्या चाकांना, मागं कमानपाटे (लीफ स्प्रिंग). आमची तर बसायलाच पाहिजे. पण पाट्याच्या गाडीत दुसरंच दुखणं. क्लच सोडला की मागच्या अ‍ॅक्सलचं हौजिंग फिरायला बघतं, त्याचं नाक वर जातं अन् पाटा एसच्या आकारात वळतो. मग तो झटक्यात सरळ होतो, पुन्हा वळतो. चाक जमिनीवर थाडथाड उड्या मारतं. मला वाटायचं टायर घसरायलंय. शाफ्टच्या सांध्यातले दोन क्रॉस तुटले तेव्हा डोक्यात उजेड पडला.

मग जुन्या एमआयडीसीत लेथवाल्याकडून दोन दांडे करून घेतले. यू बोल्टाच्या खालच्या प्लेटीला धरायचे, पुढचं टोक पाट्याच्या पुढच्या डोळ्याखाली, टोकावर रबरी ठोकळा. हौजिंग फिरायला लागलं की ठोकळा पाट्याला टेकतो अन् वळणं बंद. पहिल्यांदा सोडली तेव्हा मागून एकच 'ठक्' आवाज आला अन् गाडी निघाली. उड्या नाहीत, काही नाही. त्या रात्री झोप लागली नाही, एवढा आनंद.

कळंबची_पोरगी

मला कारमधलं कळत नाही पण उसाच्या ट्रॉल्यांचं कळतं. आमच्याकडं कारखाना सुरू झाला की दोन ट्रॉल्या लावलेलं ट्रॅक्टर चढाला सुटताना पुढून उठतं. पप्पा नाकावर वजनाच्या पाट्या लावतात. लहानपणी आजोबा बैलगाडी भरताना ओरडायचे, "उलाळ करू नका रे." मागं ओझं जास्त झालं की जू बैलाच्या मानेवरून वर उचलतं, बैलाला ओढायला काही राहत नाही. वाळूजकर दादांची गाडी उलाळच झाली होती की.

वाळूजकर

ताई, उलाळ! बरोब्बर शब्द. पुढचं चाक म्हणजे माझा बैल. मागं बसली की त्याची मान हलकी. उस्तादांना हा शब्द सांगितला असता तर लई खूश झाले असते.

गंगाखेडकर

गुटका किती एमएम?

ग्राइंडर_नको

अंबाजोगाईहून. नवऱ्यानं लग्नाआधी मागच्या-पुढच्या स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी कापली होती. ग्राइंडरनं सुद्धा नाही, गॅसनं! म्हणे गाडी खाली बसली की जमीन धरते. माझ्या सातव्या महिन्यात आम्ही माहेराहून येत होतो. प्रत्येक गतिरोधकाला खालून दणका. सासूबाईंनी माझ्या पोटाला उशी लावली होती. नंतर मिस्त्रीनं दाखवलं, शॉकॉप्सर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) पूर्ण दबून रबराच्या ठोकळ्यावर आपटत होता, म्हणजे स्प्रिंग नावापुरतीच. गॅसच्या आचेनं तिथलं पोलादही बिघडलेलं. दुसऱ्या दिवशी चारही नव्या बसवल्या, हे माझ्यासमोर. कुणी स्प्रिंग कापायला सांगितलं तर ऐकू नका, एवढंच सांगायचं होतं. लेक आता सहावीत आहे.

कमानपाटा_जालना

ताई वाचूनच पोटात गोळा आला. लेकीला आशीर्वाद.

शेंद्रा_शिफ्ट_बी

जेवणाच्या सुट्टीत लिहायलोय, चुकभूल माफ.

उस्तादांबद्दल पूर्ण आदर ठेवून एक सांगतो. गुटक्यानं मागं जाणारं वजन थांबत नाही. किती वजन मागं जाणार हे तीन गोष्टींवर ठरतं: गाडी किती जोरात सुटते, तिचं वजन जमिनीपासून किती उंचीवर आहे, अन् दोन चाकांतलं अंतर किती. एस्टीमचं अंतर 2365 मिलिमीटर. माणसासकट 950 किलो धरा, उंची अर्धा मीटर धरा, सुटण्याचा जोर (प्रवेग) गुरुत्वाच्या निम्मा धरा. साधारण 100 किलो पुढून मागं जातात. एक क्विंटल. ज्वारीचं भरलेलं पोतं पुढच्या चाकांवरून उचलून डिकीत टाकल्यासारखं. स्प्रिंग कशीही असो, ते पोतं जाणारच.

मग गुटक्यानं काय केलं? मागचा भाग खचून पुन्हा उसळायचा ते थांबवलं. नाक वर-खाली झालं नाही, म्हणून पुढच्या टायरवरचा दाब एकसारखा राहिला. पण 0.3 सेकंदांतला मोठा वाटा माझ्या मते पुढच्या 20 हवेचा आहे. टायर पसरला, जास्त रबर टेकलं.

अन् शॉकॉप्सर विसरू नका. वजन किती जाणार ते नाही, पण किती लवकर जाणार ते तोच ठरवतो. पुढच्या चाकांच्या गाडीला पुढचा शॉकॉप्सर उघडताना कडक पाहिजे, म्हणजे नाक लगेच उचलत नाही. जीपवाल्या दादांना उलटं, पुढचा उघडताना एकदम सैल, नाक पटकन वर अन् वजन पटकन मागं. परदेशातल्या ड्रॅगवाल्यांचे (सरळ पाव मैल पळवणाऱ्यांचे) 90/10 चे शॉकॉप्सर याचसाठी असतात, दबायला कडक, उघडायला सैल.

घंटा झाली. परतताना पुढची हवा भरूनच रस्त्यावर या. 20 हवेवर हायवेला टायर तापतो.

वाळूजकर

दादा, पटलं. हवेचं तेव्हा आम्ही कुणी मनावरच घेतलं नव्हतं, सगळं श्रेय गुटक्याला. पण उस्तादांनी हवा आधी सोडली होती, गुटके नंतर ठोकले. त्यांना माहीत असणार. पोतं आवडलं.

नांदेड_उजवं_चाक

माझ्या गाडीला मागं कॉइल अन् एकच आरपार अ‍ॅक्सल. सोडली की दर वेळी उजवंच चाक फिरायचं. दोन टायर बदलून पाहिले, बाजू बदलून पाहिल्या. दोष गाडीचा नव्हता, टायरचाही नाही. मधला शाफ्ट ज्या दिशेनं फिरतो त्याच्या पिळानं डावं चाक जमिनीत दाबलं जातं अन् उजवं हलकं होतं. डिफ्रेंशियल साधं असलं की सगळी ताकद हलक्या चाकाकडं पळते. उपाय म्हणून उजव्या मागच्या कॉइलच्या पोटात रबरी हवेचा फुगा बसवला. थोडी थोडी हवा भरत गेलो अन् डांबरावरचे डाग बघत गेलो. आधी एकच काळी रेघ उमटायची. चौथ्या वेळी दोन उमटल्या, सारख्या लांबीच्या. मी खाली बसून टेपनं मोजल्या.

कळंबची_पोरगी

टेपनं मोजल्या 😄 आमच्या पप्पांसारखेच तुम्ही. ते सरी मोजतात.

परभणी_शांतता

विषयाला धरून नाही, तरी लिहिते. वाळूजकर, तुम्ही रस्त्यावरचं नको म्हणालात म्हणून धागा उघडला. माझा मावसभाऊ बायपासवर गेला. पैज होती. तो गाडीत नव्हता, कडेला उभा राहून बघत होता. सुटताना एकाची गाडी आडवी झाली. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड आहे, ते मला त्याच्यानंतर समजलं. तुमच्या धावपट्टीवर बघणाऱ्यांना किती लांब उभं करतात?

वाळूजकर

ताई, वाचून सुन्न झालो. बघणारे बाजूला, अडथळ्यांच्या मागं. हेल्मेट अन् पट्ट्याशिवाय गाडी रेषेवर जाऊ देत नव्हते. एका पोराच्या बॅटरीचा क्लॅम्प ढिला निघाला म्हणून त्याला दिवसभर परत पाठवलं होतं. तेव्हा आम्हाला राग आला होता.

कमानपाटा_जालना

ताई 🙏

पोरांना मी गॅरेजात हेच सांगत असतो. आमच्या शंकरपटातसुद्धा बघणाऱ्यांना दोरीमागं ठेवतात, मग गाड्यांना का नको.

सेलू_कापूस

शंकरपटावरून आठवलं, आमच्या धाकट्या बैलाला पहिल्या टापेला घाई होती. काका जुवाची शिवळ (मानेजवळची खुंटी) एक खीळ आत घ्यायचे. तेवढ्यानं दोघं सारखे सुटायचे. हेच तुमचं सस्पेन्शन असणार. इकडं वेचणीला बाई मिळत नाही, कुणाच्या गावात आहेत का?

शेंद्रा_शिफ्ट_बी

सेलू, मानवतला आमच्या आत्याकडं विचारतो. व्यक्तिगत निरोप करा.

गंगाखेडकर

पुन्हा विचारतो, गुटका किती एमएम? माझ्याकडं पण एस्टीम आहे, मागून खाली बसलीय, शर्यतीसाठी नाही, आईला चढता-उतरताना त्रास होतो.

वाळूजकर

माफ करा, राहून गेलं. आत्ता व्हर्नियर लावून मोजलं. डावा 22, उजवा 19. दोन्ही एकाच रबरातून कापलेले होते. उजव्या बाजूला मी बसायचो.

आईंसाठी असेल तर गुटका नको, त्यानं गाडी मागून धक्के देईल. नव्या स्प्रिंगा टाका. मोंढ्याच्या बाजूला जुन्या गाड्यांचं सामान ठेवणारा एक जण आहे, उद्या जाऊन विचारतो अन् भाव इथंच टाकतो.