गिरणगावाचा दाखला

गरिबी वाढली की खून-मारामाऱ्या वाढणारच, या आपल्या विधानात एक दुवा सुटला आहे, असे मला वाटते. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापड गिरण्यांच्या कामगार वस्तीत, गरिबी १९८२ च्या गिरणी संपापूर्वीही होतीच. दहा बाय बाराच्या खोलीत डझनभर गाववाले राहत आणि रात्रपाळीवाला कामावर गेला की त्याच्याच जागी दिवसपाळीवाला आडवा होई. तरीही दर महिन्याचा पगार, खाणावळवालीकडचे खाते आणि चाळीतले भजनी मंडळ यांमुळे त्या जगण्याला एक चौकट होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांची ती चौकट मोडली आणि त्यांच्या विशीतल्या मुलांपैकी काहींना गुन्हेगारी टोळ्यांनी पैसा दिला, त्याहून मोलाचा वाटणारा दरारा दिला.

मात्र टोळ्यांचे बळ केवळ बेकारीतून आले नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली आणि त्या सोन्याच्या तुकड्यांभोवती बंदुका जमू लागल्या. ७ मे १९९४ रोजी गिरणीमालक सुनीत खटाव यांची महालक्ष्मी परिसरात भरदिवसा हत्या झाली, ती याच पार्श्वभूमीवर. म्हणजे भूक चाळीत होती, पण खून करवून घेण्याइतका नफा (हे सोयीस्करपणे विसरले जाते) चाळीबाहेर होता.

शिवाय त्याच चाळींतल्या बहुसंख्य मुलांनी वडापावची गाडी लावली, सुरक्षारक्षकाचा गणवेश चढवला किंवा गावची एसटी धरली.